न्यू ब्रन्सविकच्या जंगलातली तणनाशक फवारणी: विरोध नेमका कुठे धरायचा?

ओढ्याकाठचा (मूळ प्रश्न)

कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात दर वर्षी उन्हाळा सरताना सरकारी जंगलांतल्या (इथल्या भाषेत क्राउन लँड) तोडलेल्या तुकड्यांवर हेलिकॉप्टरने ग्लायफोसेट हे तणनाशक फवारतात. आमच्या भागातल्या रहिवाशांचं एक निवेदन आमदारांकडे जायचं आहे, मसुदा नीट करायचं काम माझ्याकडे आलंय. मसुदा चार पानी. त्यातली साडेतीन पानं कर्करोगावर, उरलेलं अर्धं सह्यांना.

अडचण अशी की सभेत लाकूड कंपनीचा माणूस एकच प्रश्न विचारतो, "फवारणी थांबवली तर झुडपं कोण आणि कशाने काढणार?" आणि मंडळी गप्प होतात. शेजारच्या क्यूबेकने हे कधीच बंद केलंय, मग इथे गाडी कुठे अडली? नगरपालिकेने ठराव करून बंदी घालता येते का? विहिरीचं पाणी तपासून हाती काही लागतं का? आणि "फवारणी नको" याच्यापुढे निवेदनात नक्की काय मागायचं?

या विषयात काम केलेल्यांनी लिहावं. "रसायनं वाईटच" एवढंच लिहायचं असेल तर ते मसुद्यात आहे.

सूचिपर्ण

त्या माणसाच्या प्रश्नाचं उत्तर आधी पाठ करा, बाकी निवेदन त्याच्याभोवती बांधता येईल.

फवारतात कशासाठी? सरसकट तोड झाली की उघड्या जमिनीवर पहिल्या दोन-तीन वर्षांत रास्पबेरी, पिन चेरी, बर्च उगवतात. लाल मेपलच्या बुंध्यांना फुटवे येतात, अ‍ॅस्पेन मुळांतून कोंब काढतो. कंपनीला हवे असतात स्प्रूस, पाइन, म्हणजे सूचिपर्णी. त्यांची रोपं हेक्टरी दोन-अडीच हजार लावलेली असतात आणि ती गुडघ्याएवढी होईपर्यंत मेपलचे फुटवे डोक्यावरून गेलेले असतात. म्हणून लागवडीनंतर पहिल्या काही वर्षांत एकदा, क्वचित दोनदा, हेक्टरी साधारण दीड-दोन किलो ग्लायफोसेट.

वेळही मुद्दाम निवडलेली असते. ऑगस्टच्या मध्यापासून स्प्रूसच्या कळ्या बंद होतात, नवी वाढ कडक होते, पानावर मेणाचा थर येतो. पानगळी झाडं मात्र अजून हिरवी असतात आणि अन्न मुळांकडे पाठवत असतात. त्या अन्नाबरोबर औषध मुळात उतरतं. आठ-पंधरा दिवस आधी फवारलं तर स्प्रूसच करपतो, उशीर झाला तर पानं पिवळी पडलेली असतात आणि औषध वाया जातं. म्हणजे वर्षातले तीन-चार आठवडेच हाती, त्यातले पावसाचे आणि वाऱ्याचे दिवस वजा. या घाईतूनच पुढच्या बऱ्याच चुका होतात.

आता पर्याय. क्यूबेकमध्ये हे काम माणसं ब्रश-सॉने करतात: खांद्याला अडकवायचं यंत्र, पुढे गोल करवत. पण नुसती "फवारणीऐवजी करवत" अशी अदलाबदल केली तर काम फसतं, आणि फसलेली उदाहरणं दाखवूनच विरोधकांची तोंडं बंद केली जातात. फसतं ते असं:

मेपलचा बुंधा ऑक्टोबरात किंवा एप्रिलमध्ये कापला तर मुळांत साठा भरलेला असतो. पुढच्या उन्हाळ्यात त्याच बुंध्याच्या कडेने, सालीखालून, दहा-पंधरा फुटवे झुपक्याने येतात आणि एका हंगामात कमरेएवढे होतात. तोच बुंधा पानं पूर्ण फुटल्यावर, म्हणजे जुलैच्या आसपास कापला, तर साठा पानांत खर्च झालेला असतो आणि फूट कमी, लुळी येते. अ‍ॅस्पेनला तर फार लवकर कापणं म्हणजे आमंत्रणच, एकाचे दहा कोंब. रास्पबेरी करवतीने कापून काही साधत नाही, तिच्यावर रोपाने उंचीनेच मात करायची.

म्हणून क्यूबेकने सुरुवात रोपवाटिकेपासून केली. मातीच्या तीनशे घनसेंटीमीटरहून मोठ्या पिशवीत (खरं तर कप्प्यात) वाढवलेली दणकट, उंच रोपं, आणि तोडीनंतर शक्य तितक्या लवकर, झुडपांनी जागा धरायच्या आत लागवड. दोन-तीन वर्षं रिकामा ठेवलेला तुकडा नंतर लावायचा आणि मग झुडपं फार झाली म्हणून ओरडायचं, ही चूक नियोजनाची आहे. तिची किंमत औषधाने भरली जाते, एवढंच.

खर्च? करवतीचा खर्च फवारणीच्या कित्येक पट आहे, हे लपवू नका, सभेत लगेच पकडतील. उलट तुम्हीच आधी मांडा आणि विचारा की हा खर्च कोणाच्या खिशातून जातो. सरकारी जंगलात लागवड आणि निगा यांचा खर्च लायसन्सधारक कंपनीला प्रांत सरकार परत देतं. म्हणजे आजची फवारणीही जनतेच्या पैशाने होते. मग तो पैसा कशावर खर्चायचा हे ठरवण्याचा हक्क विधानसभेचा, हे वाक्य निवेदनाच्या पहिल्या पानावर हवं.

मोजून_बोला

सूचिपर्ण यांचं बरंचसं मान्य, पण एक बाजू सुटते. करवतीचं काम धोक्याचं आहे. उतारावर, पडलेल्या ओंडक्यांवर उभं राहून दिवसभर फिरती करवत, डास, काळ्या माश्या, उकाडा. क्यूबेकमध्ये मजुरी बरीचशी हेक्टरवर मिळते, म्हणजे झाडी दाट असेल त्या दिवशी कमाई कमी. पेट्रोल-ऑइलचा धूर वेगळाच. "रसायन बंद, सगळे सुखी" असं लिहू नका.

शिवाय कर्करोगाबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेट "माणसात बहुधा कर्करोगकारक" या गटात (२अ) टाकलं, हे खरं. कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१७ मध्ये फेरतपासणी करून नोंदणी चालू ठेवली आणि आक्षेप आल्यावर जानेवारी २०१९ मध्ये तोच निर्णय कायम केला, हेही खरं. पहिली संस्था पदार्थात धोक्याचा गुण आहे का ते पाहते, दुसरी ठराविक मात्रेत किती धोका होईल ते. साडेतीन पानं यावर घातलीत तर प्रांताचं खातं अर्ध्या पानात उत्तर देईल: "केंद्राने मान्यता दिलेलं औषध, लेबलप्रमाणे वापर." आणि विषय संपला.

ओढ्याकाठचा

@मोजून_बोला, मजुरांचा मुद्दा मसुद्यात घेतो. पण मग आरोग्याचा भाग पूर्ण काढायचा का? सह्या करणाऱ्या बहुतेकांना तोच जिव्हाळ्याचा आहे.

कलमदान

काढू नका, मागे न्या. कारण कायद्यात आहे. तीन थर समजून घ्या.

औषध बाजारात येऊ द्यायचं की नाही हे केंद्र ठरवतं. ते कुठे, कधी, कोणत्या अटींवर वापरायचं याचा परवाना प्रांताचं पर्यावरण खातं देतं. आणि जंगलाचा मालक म्हणून प्रांताचं वनखातं वेगळं. कर्करोगाचा मुद्दा पहिल्या थराचा, तुमचा आमदार त्या थरात काही करू शकत नाही. मालकीचा मुद्दा तिसऱ्या थराचा, तिथे त्याचे हात बांधलेले नाहीत. घरमालकाला आपल्या अंगणात काय फवारायचं नाही हे ठरवायला औषधाची नोंदणी रद्द व्हावी लागत नाही. क्यूबेकने नेमकं हेच केलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जनसुनावण्या झाल्या, १९९४ च्या वन-संरक्षण धोरणात २००१ पर्यंत सार्वजनिक जंगलातून रासायनिक तणनाशकं काढायचं ठरलं आणि २००१ ला ती बंद झाली. मधली सात वर्षं रोपवाटिका बदलायला आणि माणसं तयार करायला मिळाली. तिथलं बहुतेक जंगल सार्वजनिक आहे, म्हणून मालकाचा एक निर्णय पुरला.

न्यू ब्रन्सविकमध्ये साधारण निम्मी जमीनच सरकारी आहे. १९८२ च्या क्राउन लँड कायद्याने ती मोठ्या लायसन्समध्ये वाटली, व्यवस्थापन कंपन्यांकडे आणि लाकडाचं प्रमाण ठरवणं सरकारकडे. २०१४ च्या वनयोजनेने सूचिपर्णी लाकडाचा वार्षिक कोटा सुमारे वीस टक्क्यांनी वाढवला आणि राखीव संवर्धन क्षेत्राचं प्रमाण कमी केलं. फवारणीचं राजकारण इथे अडलंय. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत रोपवनं भराभर वाढतील असं धरून आजचा कोटा काढलेला असतो. फवारणी काढली आणि पर्याय दिला नाही, तर त्या हिशोबातलं लाकूड कमी होतं, म्हणजे आजचा कोटा कमी करावा लागतो. हे कोणत्याच पक्षाला निवडणुकीआधी नको असतं. त्यामुळे विरोधात असताना "आढावा घेऊ" आणि सत्तेत आल्यावर "विज्ञान सांगेल तसं".

हरित पक्षाने विधानसभेत हा विषय वारंवार मांडला, हजारोंच्या सह्यांचे अर्ज दाखल झाले, २०२१ मध्ये स्थायी समितीने सुनावण्या घेऊन अहवाल दिला. पूर्ण बंदी काही आली नाही. आणखी एक नोंद ठेवा: प्रांताच्या मुख्य वैद्यकीय आरोग्य अधिकारी आयलिश क्लीअरी ग्लायफोसेटचा अभ्यास करत असताना २०१५ च्या अखेरीस त्यांना रजेवर पाठवलं आणि मग पदावरून दूर केलं. ग्लायफोसेटशी संबंध नाही असं सरकारने सांगितलं. लोकांनी काय समजायचं ते समजलं. निवेदनात यावर आरोप करू नका, तारखा लिहा.

नगरपालिकेचं विचारलंत. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २००१ मध्ये हडसन या क्यूबेकमधल्या गावाचा कीटकनाशकांवरचा स्थानिक नियम वैध ठरवला, म्हणून गावांना काही अधिकार आहे हे बरोबर. पण तो गावाच्या हद्दीत. फवारणीचे तुकडे बहुतांशी हद्दीबाहेर, सरकारी जमिनीवर. ठराव जरूर करा, आमदारावर दबाव म्हणून. त्याने हेलिकॉप्टर थांबत नाही.

अमेरिकेतली दोन उदाहरणं डोळ्यांसमोर ठेवा. ओरेगॉन राज्याच्या लिंकन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मे २०१७ मध्ये लोकांनी मतदानाने हवाई फवारणीवर बंदी आणली, फक्त ६१ मतांच्या फरकाने. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली: कीटकनाशकांचे नियम राज्याचे, काउंटीला अधिकार नाही. अडीच वर्षं राबलेली मंडळी तिथे संपली असती. पण त्याच दबावामुळे लाकूड कंपन्या आणि पर्यावरण संघटना २०२० मध्ये वाटाघाटीला बसल्या आणि राज्याचा कायदा झाला. हेलिकॉप्टर-फवारणीसाठी घरं आणि शाळांपासूनचं अंतर ६० फुटांवरून ३०० फुटांवर गेलं, माशांच्या ओढ्यांना ७५ फूट, आणि मैलभराच्या आत राहणाऱ्या, नाव नोंदवलेल्या शेजाऱ्याला आगाऊ सूचना. बंदी हवी होती, अंतर मिळालं. कमी आहे, पण अंमलात आहे.

मेनमध्ये उलट झालं. २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी वनशेतीसाठीच्या हवाई तणनाशक फवारणीवर बंदीचं विधेयक मंजूर केलं, गव्हर्नर जॅनेट मिल्स यांनी नकाराधिकार वापरला, तो उलटवायला मतं पुरली नाहीत. तिथलं जंगल जवळजवळ सगळं खासगी, म्हणजे मालक म्हणून राज्याला म्हणण्यासारखं काही नव्हतंच.

माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगी उदाहरण नोव्हा स्कोशियाचं. त्यांनी २०१० मध्ये बंदीच्या भांडणात न पडता सरकारी पैसा काढून घेतला. फवारायचं तर स्वतःच्या खर्चाने फवारा. मोठ्या खासगी मालकांनी पुढे फवारलं, ते आजही वादात आहे. पण सरकारी पैशाचा प्रश्न एका फटक्यात सुटला. "बंदी घाला" म्हणण्यापेक्षा "परतफेडीच्या यादीतून फवारणी काढा आणि तीच रक्कम करवत आणि मोठ्या रोपांकडे वळवा" ही मागणी आमदाराला अर्थसंकल्पात मांडता येते.

मोजून_बोला

कलमदान, एक पुरवणी. न्यू ब्रन्सविकमधली जनता या बाबतीत इतकी हळवी का, हे बाहेरच्यांना कळत नाही. तिथे १९५२ पासून स्प्रूस बडवर्म या अळीसाठी जंगलांवर विमानांनी डीडीटी टाकलं, साठच्या दशकाच्या शेवटापर्यंत. मिरामिशी नदीतले सॅमन मासे मेले. नंतर दुसरी कीटकनाशकं आली, सत्तरच्या दशकात पालकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. आणि गेजटाउनच्या लष्करी तळावर १९६६ आणि १९६७ मध्ये एजंट ऑरेंजची (व्हिएतनाम युद्धात वापरलेलं तणनाशक) चाचणी झाली होती. २००७ मध्ये केंद्र सरकारने बाधितांना प्रत्येकी २० हजार डॉलर देऊ केले. "लेबलप्रमाणे वापरलं तर सुरक्षित" हे त्या लोकांनी तीन पिढ्या ऐकलंय. तेव्हा ग्लायफोसेट आणि एजंट ऑरेंज एकच असं मात्र कुणी म्हणू नये, दोन्ही रसायनं पूर्ण वेगळी आहेत. सभेत हे वाक्य कुणी टाकलं की पुढची वीस मिनिटं गेलीच.

सूचिपर्ण

मंडळी जोडताना दोन गट विसरू नका. एक शिकारी. मूस आणि हरणं हिवाळ्यात याच पानगळी फांद्यांवर जगतात, आणि शिकारी लोक रसायनाला घाबरून येत नाहीत, चारा जातोय म्हणून येतात. त्यांचं मत आमदाराला वेगळं ऐकू येतं. दुसरे मूलनिवासी समाज, वोलास्तोके आणि मिकमाक. त्यांचा मुद्दा करारांचा आहे: औषधी वनस्पती, बेरी, शिकार यांचा हक्क करारात आहे आणि फवारणीने तो हक्क वापरायची जागाच जाते. ऑन्टारिओत ह्युरॉन सरोवराच्या उत्तर काठावरच्या ज्येष्ठांनी २०१४ पासून १८५० च्या रॉबिन्सन-ह्युरॉन कराराच्या आधारे हाच मुद्दा लढवलाय. त्यांच्या नावाने तुम्ही लिहू नका, त्यांना विचारा, त्यांचं निवेदन वेगळं जाऊ द्या.

बेरीवरून आठवलं. "आठवड्याभरात सगळं विरघळतं" असं कुणी म्हणालं तर नॉर्दर्न ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या लिसा वुड यांचं २०१९ चं काम दाखवा. फवारणीनंतर वर्षभराने वाचलेल्या वनस्पतींच्या मुळांत, काहींच्या कोंबांत, ग्लायफोसेटचे अंश मिळाले. मातीला ते चटकन चिकटतं हे खरं, पण न मेलेल्या झुडपाच्या मुळात ते टिकतं. थंड प्रदेशात आणखी सावकाश जातं.

गाळणी

पाणी तपासणीचं कुणी लिहिलं नाही, म्हणून.

विहिरीत बहुतेकदा काही सापडत नाही, कारण ग्लायफोसेट मातीला धरून बसतं. शून्य आलेला अहवाल पुढच्या सभेत तुमच्यावरच उलटतो. तरी करायचंच असेल तर:

प्रयोगशाळेत "कीटकनाशकांची तपासणी" एवढं सांगून देऊ नका. नेहमीच्या बहुअंश (एकाच वेळी अनेक औषधं शोधणाऱ्या) तपासणीत ग्लायफोसेट येतच नाही, ते पाण्यात इतकं विरघळणारं आहे की त्याला वेगळी पद्धत लागते आणि वेगळे पैसे. ग्लायफोसेट आणि त्याचं विघटन होऊन तयार होणारं आम्पा, दोन्ही नावं लिहून द्या. बाटली त्यांच्याकडूनच घ्या. विहिरीत क्लोरीन टाकलं असेल तर आधी सांगा, क्लोरीनने ग्लायफोसेट मोडतं आणि नमुना खोटा स्वच्छ येतो. नमुना थंड आणि अंधारात, बर्फाच्या डब्यात. नुसतं आम्पा मिळालं तर उड्या मारू नका, काही डिटर्जंटमधूनही ते बनतं आणि जवळ शौचखड्डा असेल तर पहिला संशय तिथेच. कॅनडाची पिण्याच्या पाण्याची कमाल मर्यादा लिटरला २८० मायक्रोग्रॅम आहे, विहिरीत तिच्या जवळपासही आकडा येणार नाही. म्हणून निवेदन मर्यादेवर उभं करू नका, "इथपर्यंत आलं कसं" यावर करा.

पाण्यापेक्षा हवेतून वाहत आलेल्या थेंबांचा पुरावा सोपा. पिवळे पाणी-संवेदी कागद मिळतात, थेंब पडला की निळा डाग. हद्दीवर खांबाला, छातीच्या उंचीवर, फवारणीच्या दिवशी सकाळी लावा. आदल्या रात्री लावले तर दवानेच निळे होतात आणि सगळं वाया. कागद थेंब दाखवतो, औषध दाखवत नाही, म्हणून शेजारच्या झुडपांची पानंही पिशवीत घालून गोठवा.

आणि एक गैरसमज: वारा अजिबात नाही म्हणजे फवारणी सुरक्षित. उलट. पहाटे जमिनीजवळची हवा थंड आणि वरची गरम असते तेव्हा बारीक थेंब खाली बसत नाहीत, धुक्यासारखे तरंगत दरीत उतरतात. हलका, एका दिशेचा, घरांपासून लांब जाणारा वारा हवा. तुमच्याकडे सकाळी चुलीचा धूर सरळ वर न जाता आडवा पसरत असेल आणि तेव्हाच हेलिकॉप्टर उडत असेल, तर त्याचा वेळ दाखवणारा व्हिडिओ काढा. परवान्यातल्या हवामानाच्या अटींशी तो ताडून पाहता येतो.

पानांचे फोटो दोनदा काढा. ग्लायफोसेट सावकाश काम करतं, सप्टेंबरात पिवळं पडलेलं मेपल पाहून खातं म्हणेल "पानगळ". तीच फांदी चिंधी बांधून ठेवा आणि पुढच्या मे-जूनमध्ये पाहा. अर्धवट डोस बसलेल्या फांदीला बोटभर पानांऐवजी नखाएवढी, अरुंद, एकाच ठिकाणी झुपक्याने आलेली पानं दिसतात. हिमाने किंवा किडीने तसं होत नाही.

रानमोडी

विषय कॅनडाचा आहे, तरी थोडं आपल्याकडचं. महाराष्ट्रात वनखातं असं हेलिकॉप्टरने रोपवनं फवारत नाही, पण घाणेरी आणि रानमोडी काढायला "एकदा ग्लायफोसेट मारून टाका" ही सूचना अधूनमधून येतेच. ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या आदेशाने ग्लायफोसेटचा वापर फक्त कीड-नियंत्रण व्यावसायिकांमार्फत करायचा ठरला. कोकणातल्या काजू-आंब्याच्या बागांत पाठीवरचे पंप कसे चालतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, लिहायला नको.

घाणेरीसाठी दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू यांची पद्धत करून पाहण्यासारखी. झुडूप वरून छाटायचं नाही, छाटलं की दुप्पट फुटतं. खोडाभोवतीची माती थोडी मोकळी करून मुख्य मूळ जमिनीच्या दोन-तीन बोटं खाली कुदळीने तोडायचं, मग अख्खं झुडूप उचलून उलटं टेकवायचं, मुळं आभाळाकडे. जमिनीला खोड लागलं तर ते पुन्हा मूळ धरतं, सगळ्यात जास्त चूक इथेच होते. फळं धरायच्या आत करायचं, आणि पुढची दोन वर्षं पावसाळ्यानंतर बियांची रोपं उपटायची. गवत लगेच लावलं नाही तर रिकाम्या जागेत रानमोडी येऊन बसते आणि मग खातं म्हणतं, "बघा, हाताने होत नाही."

आणि ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळालाय त्यांच्या ग्रामसभेला २००६ च्या कायद्याच्या कलम ५ प्रमाणे जंगल आणि पाणी राखण्याचा अधिकार आहे. ओढ्याकाठचा यांच्या नगरपालिकेला जे जमत नाही ते इथल्या ग्रामसभेला कागदावर तरी जमतं. वापरलं पाहिजे.

ओढ्याकाठचा

सगळ्यांचे आभार. मसुदा असा फिरवतोय, काही चुकत असेल तर सांगा. पहिलं पान: जमिनीचा मालक प्रांत, खर्च प्रांताचा, म्हणून परतफेडीच्या यादीतून फवारणी काढावी. दुसरं: ती रक्कम मोठी रोपं, तोडीनंतर लगेच लागवड आणि जुलैतली करवत यांना, मजुरी हेक्टरऐवजी दिवसावर. तिसरं: बदल होईपर्यंतच्या अटी, म्हणजे अंतर, आगाऊ सूचना, पहाटेच्या स्थिर हवेत उड्डाण नाही. आरोग्य शेवटी, अर्धं पान, दोन्ही संस्थांचे निर्णय तारखांसकट.

कलमदान

मुदत घाला. क्यूबेकला सात वर्षं लागली होती. तुम्ही "ताबडतोब" लिहिलंत तर उत्तर "अशक्य" येईल, तुम्ही "पाच वर्षांत, दर वर्षी इतके हेक्टर कमी" लिहिलंत तर त्यांना आकड्यावर बोलावं लागेल. आणि कोट्याचा उल्लेख गाळू नका. सूचिपर्णी कोट्याच्या हिशोबात फवारलेल्या रोपवनांची वाढ किती धरली आहे, तो तक्ता खात्याकडे माहिती अधिकारात आधी मागा. तो हातात आला की निवेदन द्या, त्याआधी नको.

सूचिपर्ण

मजुरी दिवसावर लिहिताय ते चांगलं, पण सोबत काम तपासायची पद्धत लिहा, नाहीतर ठेकेदार अर्धा तुकडा सोडून देईल. सोपी पद्धत: ठराविक अंतरावर खुंटी ठोकून तिच्याभोवती वर्तुळ घ्यायचं, त्यातल्या किती रोपांचा शेंडा मोकळ्या उजेडात आहे ते मोजायचं. पैसे त्या मोजणीवर. आणि मोजणी करवतीनंतर लगेच नको, पुढच्या ऑगस्टात करा, फुटवे किती परतले ते तेव्हाच कळतं.